नव्या आशाताईंसाठी : गृहभेटीत बोलावे कसे

ताई, दवंडी, ग्रामसभेतील भाषण किंवा मोबाइलवरील गटात टाकलेला संदेश यांत एकच मजकूर सर्वांना जातो आणि तो कोणाला कितपत पटला, हे सांगणाऱ्याला लगेच कळत नाही. गृहभेटीत मात्र समोरच्या बाईचा चेहरा पाहून आपले पुढचे वाक्य बदलता येते, आणि आपल्या कामाचे खरे बळ तेच आहे. दवाखान्यात बाळंतपण झाले असल्यास 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी अशा सहा भेटी ठरलेल्याच असतात, त्यामुळे पहिल्याच भेटीत सगळे सांगून टाकण्याची घाई करू नका.

सुरुवातीला बहुतेकजणी नोंदवहीत मान घालून प्रश्न विचारतात. ‘बाळाला अंगावरच पाजतेस ना?’ याला ‘हो’ हेच उत्तर येणार. त्याऐवजी ‘काल रात्रीपासून बाळाला काय काय दिले?’ असे विचारून थांबा, म्हणजे घुटी, मध, साखरपाणी असे एकेक बाहेर येते. ते ऐकून रागावलात, तर पुढच्या खेपेस तेही लपवले जाईल.

सासूबाईंना वगळून सुनेशी कुजबुजू नका, कारण घुटी उगाळणारा हात बहुधा त्यांचाच असतो. पाळणा लांबवण्याचा विषय मात्र सुनेशी एकांतातच काढावा.

निघण्यापूर्वी ‘सहा महिने वरचे पाणी का द्यायचे नाही, ते आता तुम्ही मला सांगा’ असे दोघींना म्हणावे. समुपदेशनाचे तक्ते तूर्त पिशवीतच राहिले तरी चालतील.