फायरवॉलमधील गटात सर्व्हर का दिसत नाहीत?

प्रश्न : बुटीबोरी औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्याचे नेटवर्क मी सांभाळतो. आमच्या पालो आल्टो कंपनीच्या फायरवॉलमध्ये (नेटवर्कमधील ये-जा नियमांनुसार सोडणाऱ्या वा अडवणाऱ्या यंत्रणेत) सर्व्हरांसाठी डायनॅमिक ॲड्रेस ग्रुप (ठरावीक टॅग, म्हणजे खूण, असलेले पत्ते आपोआप सामावणारा गट) केला असून, सर्व्हर सुरू होताच एक स्क्रिप्ट त्याच्या आयपी पत्त्याला एपीआयद्वारे (प्रोग्रॅमने फायरवॉलला सूचना देण्याच्या सोयीने) टॅग लावते. मे महिन्यात एका दुपारी बराच वेळ वीज गेली आणि ती परत आल्यावर काही सर्व्हर डेटाबेसपर्यंत पोहोचेनात. तीनदा कमिट केले, म्हणजे फायरवॉलमधील बदल लागू केले. ट्रॅफिक लॉगमध्येही (ये-जेच्या नोंदींमध्येही) काही दिसले नाही. अखेर सर्वांना वाट मोकळी करणारा तात्पुरता नियम टाकला. चूक कुठे शोधावी?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : गटाची व्याख्या आणि तो वापरणारा नियम यांना कमिट लागते, एपीआयने नोंदवलेले टॅग मात्र कमिटशिवायच लागू होतात. त्यामुळे पुन्हा पुन्हा कमिट करून काही साधणार नाही. नियमाला हात लावण्यापूर्वी कमांड लाइनवर ‘शो ऑब्जेक्ट रजिस्टर्ड-आयपी ऑल’ ही आज्ञा द्यावी आणि दिसणारी यादी सर्व्हरांच्या आजच्या पत्त्यांशी एकेक करून ताडून पाहावी.

आपले सर्व्हर डीएचसीपीकडून (आपोआप पत्ते वाटणाऱ्या सेवेकडून) पत्ते घेत असतील, तर माझा संशय असा आहे की, वीज आल्यावर काहींना नवे पत्ते मिळाले, पण नेटवर्क पूर्ण सावरण्यापूर्वीच स्क्रिप्ट चालून गेल्यामुळे त्यांची नोंदणी झाली नाही. टॅग यंत्राला नव्हे, पत्त्याला चिकटलेला असतो. जुन्या पत्त्यावरचा टॅग कोणी काढला नसेल आणि तो पत्ता आता एखाद्या भलत्याच संगणकाला मिळाला असेल, तर त्या संगणकाला डेटाबेसची वाट खुली आहे. अडलेल्या सर्व्हरची तक्रार लगेच येते, याची कधीच येत नाही. म्हणून मला याचीच अधिक काळजी वाटते. सर्व्हरांना डीएचसीपीमध्ये पत्ते राखून द्यावेत, नोंदणी फसल्यास स्क्रिप्टने पुन्हा प्रयत्न करावा आणि टॅगला कालमर्यादा देऊन ती संपण्यापूर्वी नोंदणी ताजी करत राहावी.

यादीत पत्ता योग्य टॅगसह असूनही तो गटात नसेल, तर गटाची अट वाचावी. टॅगच्या नावात इंग्रजी मोठ्या-लहान अक्षरांचा फरक धरला जातो. शिवाय अटीत दोन टॅग ‘अँड’ने जोडलेले असतील आणि स्क्रिप्ट एकच लावत असेल, तर पत्ता गटाबाहेरच राहतो. वाटेत नॅट (पत्ता बदलून देणारी सोय) असल्यास सुरक्षा नियम मूळ, म्हणजे नॅटपूर्वीच्या पत्त्यावर जुळतो, हेही ध्यानात असू द्यावे.

लॉगचे कारण साधे आहे. दोन झोनमधील (नेटवर्कच्या विभागांमधील) अडवणूक करणारा शेवटचा मूळ नियम आपण होऊन लॉग ठेवत नाही. तो ओव्हरराइड करून, म्हणजे त्याची मूळ मांडणी बदलून, लॉग सुरू करावा. त्यानंतर तात्पुरता नियम काढून, जुने सेशन (आधीपासून चालू जोडण्या) बंद करून नव्या जोडणीने तपासावे, कारण आधीच उघडलेले सेशन त्या सैल नियमाच्या बळावर चालू राहिलेले असू शकते.