लढाऊ विमानातले कॉम्प्युटर तपासायला दरवेळी विमान उडवतात का? मोबाइल ॲपच्या टेस्टिंगपेक्षा यात वेगळं काय?

नाही, विमान उडतं ते सगळ्यात शेवटी. मी बंगळुरूत चौदा वर्षं हेच काम केलं, आता अमळनेरला घरी असतो. एकदा सुट्टीत आलो असताना ओट्यावर बसून आबांना सांगत होतो, की टेबलावर विमानातला कॉम्प्युटर, म्हणजे एक काळा डबा असतो आणि त्याला वाटतं आपण वीस हजार फुटांवर उडतोय. आबा म्हणाले, "मंग तू दिनभर त्याले खोटंच सांगस का?"

हो. पगार त्याचाच मिळायचा.

सेन्सरकडे जाणाऱ्या डब्याच्या वायरी आम्ही आमच्या रॅकला, म्हणजे टेस्टिंगच्या उपकरणांच्या कपाटाला जोडतो. हवेचा दाब, विमानाचा कल, इंधन, सगळे आकडे रॅक बनवून देतो. डब्याने "नाक वर कर" म्हटलं की रॅकमधलं खोटं विमान नाक वर करतं आणि नवे आकडे काही मिलिसेकंदांत परत पाठवतं. याला हार्डवेअर-इन-द-लूप म्हणतात. रॅकने उशीर केला तर डबा सेन्सर मेला असं समजतो, म्हणून खोटंही वेळेवर बोलावं लागतं.

आणि खोटं बोलायची गरज का? २००७ च्या फेब्रुवारीत अमेरिकेची एफ-२२ विमानं हवाईहून जपानकडे निघाली होती. १८० अंश रेखांश ओलांडताच त्यांची नॅव्हिगेशन यंत्रणा कोलमडली. इंधनवाहू विमानांच्या मागे मागे ती कशीबशी परतली. जळगाव साधारण ७५.५ अंशांवर आहे. जळगाव-भुसावळ हजार फेऱ्या मारल्या तरी ही चूक सापडली नसती. १८० ओलांडलं की रेखांशाचा आकडा उणे होतो. टेबलावर मात्र १७९.९९ वरून उणे १७९.९९ वर जायला टेस्टमध्ये एक ओळ लागते.

तेजस या आपल्या लढाऊ विमानाच्या फ्लाइट कंट्रोलमध्ये चार समांतर चॅनल आहेत, म्हणजे तेच काम एकाच वेळी करणाऱ्या चार शाखा. अशा रचनेत तीन चॅनलना एक उंची सांगायची, चौथ्याला भलतीच, आणि तो ठरलेल्या वेळात बाहेर फेकला जातो का ते पाहायचं. एकदम मेलेला सेन्सर सोपा असतो. हळूहळू बिघडणारा खरा छळतो, कारण तो बराच वेळ इतरांच्या जवळपासचंच बोलत राहतो.

डबे एकमेकांशी बहुतेक १५५३ बसवर, म्हणजे सगळ्यांना जोडणाऱ्या एका सामायिक वायरवर बोलतात. वेग सेकंदाला फक्त १ मेगाबिट, पण शिस्त कडक. प्रश्न आला की ४ ते १२ मायक्रोसेकंदांत उत्तर आलंच पाहिजे. आम्ही मुद्दाम पॅरिटी (संदेशातली चूक पकडणारा जादा बिट) चुकवतो, उत्तर उशिरा देतो, एक वायर तोडतो. एकदा एका बसवर अधूनमधून एरर यायला लागले. दोन दिवस मी सॉफ्टवेअरच्या ओळी चाळत बसलो. शेवटी टेक्निशियनने दाखवलं, की बसच्या टोकाचा टर्मिनेटर (सिग्नल तिथेच जिरवणारा रेझिस्टर) कुणीतरी दुसऱ्या रॅकसाठी काढून नेला होता. सिग्नल टोकावर आपटून परत येत होता. डबा निर्दोष! तेव्हापासून मी आधी आमचाच रॅक तपासायचो.

ॲपपेक्षा वेगळेपण म्हणाल तर वीज. आपल्याकडे शेतातल्या मोटरला ऑटो-स्विच असतो. लाईट गेली, आली, की थोडं थांबून मोटर सुरू. विमानात एका जनरेटरवरून दुसऱ्यावर जाताना पुरवठा ५० मिलिसेकंदांपर्यंत तुटू शकतो आणि तेवढ्या वेळात डब्याने काहीही विसरायचं नसतं. त्याला थोडं थांबायची चैन नाही. शिवाय थंडी, धक्के, ओलावा. उन्हात उभ्या विमानाचं धरून डबा ७१ अंशांपर्यंत तापवतात. मे महिन्यातलं आपलं ४५ त्यापुढे गार वाटावं.

शिकायचं असेल तर सी भाषेत छोटा प्रोग्राम लिहा: चार उंच्या घेऊन एक खरी ठरवणारा. मग तो मोडायचा प्रयत्न करा. दोन सेन्सर एक आकडा सांगतात, दोन दुसरा. तुमचा प्रोग्राम काय करतो ते बघा. पहिल्यांदा लिहिताना माझ्याकडून हीच केस राहून गेली होती.