टायमिंग चेन वाजते, काय बदलू?

प्रश्न : २०११ची स्विफ्ट डिझेल, १ लाख ७० हजार किलोमीटर झालेली. सकाळी पहिल्या स्टार्टला दोन-तीन सेकंद खडखड होते, मग बंद. गॅरेजवाले म्हणतात, नुसता टेन्शनर बदलू. बदलावा का? – वाचक, सातारा

नुसता टेन्शनर नको. टायमिंग चेन म्हणजे क्रँकशाफ्ट (पिस्टनने फिरणारा दांडा) आणि कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) यांना तालात फिरवणारी इंजिनातली साखळी. तुमच्या गाडीत फियाटचं १.३ मल्टिजेट इंजिन आहे. (इंडिका व्हिस्टा आणि पुंटोमध्येही हेच, आणि ते आपल्या रांजणगावातही बनायचं. त्या गाड्यांच्या मालकांनीही हे वाचावं.) यातला टेन्शनर ऑइलच्या दाबावर चेन ताणून धरतो. रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीत तो दाब उतरलेला असतो. तो पुन्हा तयार होईपर्यंत ढिली चेन गाइडवर, म्हणजे तिला मार्गावर ठेवणाऱ्या पट्टीवर, आपटते. म्हणून आधी स्वस्तातला उपाय करा. ऑइल काळं पडलं असेल किंवा पातळी खाली असेल, तर मॅन्युअलमधल्या ग्रेडचं ऑइल आणि चांगला फिल्टर टाकून चार सकाळी कान देऊन ऐका.

आवाज तसाच राहिला किंवा लांबत गेला, तर पूर्ण किट घाला : चेन, टेन्शनर, गाइड, स्प्रॉकेट (चेनची दातेरी चाकं). चेन लांबते ती लोखंड ताणलं गेल्यामुळे नव्हे. प्रत्येक कडीतली पिन आणि बुश केसभर झिजतात आणि ती सगळी झीज एकत्र होते. डिझेलच्या काजळीने भरलेलं जुनं ऑइल हे काम जोरात करतं. नवा टेन्शनर ही ढील काही महिने झाकतो, झीज मात्र चालूच राहते. शिवाय खरा खर्च मजुरीचा. कव्हर एकदा उघडल्यावर जुनी चेन परत बसवण्यात काय हशील? चेनने दात सोडला तर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो, रॉकर तुटतात, आणि मग हेड उतरवावं लागतं.

प्रश्न : किट आणलं आहे. आमचे मिस्त्री म्हणतात, व्हाइटनरच्या खुणा मारून चेन बसवतो, लॉकिंग टूल लागत नाही. – वाचिका, बार्शी

मिस्त्री हुशार असतील, पण जुनी चेन लांबलेली असताना मारलेली खूण मुळातच किंचित चुकीची असते. तीच चूक नव्या चेनवर उतरते. फ्लायव्हील (क्रँकच्या टोकाचं जड चाक) आणि कॅमशाफ्ट पिनने लॉक करूनच काम व्हायला हवं. ते टूल भाड्याने आणा, नाहीतर ते असलेलं गॅरेज गाठा. काम झाल्यावर सेल्फ मारण्याआधी इंजिन पान्याने हाताने पूर्ण दोन फेरे फिरवून पिना पुन्हा बसतात का ते पाहा. क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमचा एक फेरा होतो. फिरवताना कुठे अडलं तर जोर लावू नका. जुन्या गाइडचे प्लास्टिकचे तुकडे पडले असतील, तर चेंबर (इंजिनखालची ऑइलची टाकी) उतरवून ऑइलची जाळी साफ करून घ्या. ही जाळी बहुतेकजण विसरतात.

प्रश्न : जुन्या स्प्लेंडरचं इंजिन टिकटिक करतं. चेन किट टाकू? – वाचक, चिपळूण

आधी टॅपेट (व्हॉल्व्हजवळची फट) तपासा. टॅपेटचा आवाज वर हेडमधून, एकसारखा टिकटिक येतो. टायमिंग चेनचा आवाज डाव्या बाजूने, घरघरल्यासारखा असतो आणि रेस सोडताना जास्त जाणवतो. आवाज चेनचाच निघाला तर चेनबरोबर टेन्शनरचे रबरी रोलरही बदला. ते कडक होऊन तडकतात. स्प्रॉकेटचे दात एका बाजूला कलले असतील, तर तोही नवा.

प्रश्न : सँट्रो झिंगची चेन किती किलोमीटरला बदलायची? – वाचक, नाशिक

चेन नाहीच, रबरी बेल्ट आहे. मॅन्युअलमध्ये किलोमीटर आणि वर्षं दोन्ही दिलेली असतात. आधी जे भरेल तेव्हा बदला. बेल्ट आवाज करून सूचना देईल या भरवशावर राहू नका.

प्रश्न : जुनी डिझेल गाडी घेतोय. चेन ठीक आहे का, कसं ओळखू? – वाचक, पणजी

सकाळी, इंजिन थंड असताना जा आणि पहिल्या स्टार्टला खडखड होते का ते ऐका. विकणाऱ्याने तुम्ही येण्याआधीच गाडी चालू करून ठेवली असेल, तर बॉनेटला हात लावताच कळेल. तसं असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जा. नंतर ऑइल बदलल्याची बिलं मागा. दर १० हजार किलोमीटरच्या आत बदललेलं दिसलं तर बोलणी पुढे न्या. बिलंच नसतील तर पूर्ण किट आणि मजुरीचा अंदाज गॅरेजमधून घ्या आणि तेवढी रक्कम सांगितलेल्या किमतीतून कमी करून मागा.