पहिली ते चौथीची मुलं एकाच खोलीत, शिक्षक एकच. मे महिन्यातल्या उन्हाळी वर्गाचं नियोजन कसं करावं?

आधी इयत्ता बाजूला ठेवा. पहिल्या दिवशी प्रत्येकाला जवळ बसवून चार ओळी वाचायला द्या, एक वजाबाकी घाला. चौथीतला एखादा जोडाक्षरांवर अडेल आणि दुसरीतली एखादी घडाघडा वाचेल. गट त्यावरून पाडा: अक्षर, शब्द, परिच्छेद. गणिताचे गट वेगळे ठेवा, कारण वाचनात मागे असलेलं मूल हिशोबात पक्कं असू शकतं.

वेळ सकाळी सात ते साडेनऊ. आपल्याकडे विदर्भात पारा ४५ अंशांवर जातो; त्यानंतर टिनाच्या छताखाली लेकरांना बसवूच नये. गडचिरोली-गोंदियाकडे असाल तर तेंदूपत्त्याच्या हंगामात काही मुलं मायबापासोबत पहाटेच जंगलात जातात. म्हणून रोजचा धडा त्याच दिवशी पुरा होईल असा बेता, म्हणजे दोन दिवसांनी आलेलं मूलही सहज सामील होतं.

सुरुवातीला सगळ्यांना मिळून एक गोष्ट. मग एका गटाला तुम्ही शिकवा, बाकीच्यांना आपापलं करता येईल असं काम द्या. गणिताला काड्या घ्या. ४२ म्हणजे दहाचे चार गठ्ठे आणि दोन सुट्या. त्यातून १७ काढायला सांगा. मूल सुट्या मोजतं, अडतं, जरा विचार करतं आणि एका गठ्ठ्याचं रबर सोडतं. घाई करून तुम्ही ते सोडू नका! फळ्यावरची मांडणी त्यानंतर.

मोठ्यांनी लहानांना जरूर शिकवावं, पण रोज एकाच हुशार पोरीला मास्तरीण करू नका. तिचाही अभ्यास व्हायला हवा.