वेग ताशी १० किलोमीटरने वाढला तर अपघात इतका गंभीर का होतो?

ताशी ५० ऐवजी ६० किलोमीटर वेगाने वाहन धडकल्यास इजा कितीतरी गंभीर होते, कारण गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेगात २० टक्के वाढ झाली की ऊर्जेत ४४ टक्के वाढ होते. नियम शालेय भौतिकशास्त्रातलाच आहे, पण रस्त्यावर त्याचा अर्थ फार भयंकर आहे. समोर अचानक मूल आले आणि चालकाचा पाय ब्रेकवर पडायला एक सेकंद लागला, तर तेवढ्यात ५०च्या वेगातली गाडी सुमारे १४ मीटर आणि ६०च्या वेगातली सुमारे १७ मीटर पुढे गेलेली असते. कोरड्या रस्त्यावर पहिली गाडी साधारण २८ मीटरांत थांबते. त्याच जागी दुसरीचा वेग अजून ताशी ४० किलोमीटरच्या आसपास असतो, म्हणजे जिथे पहिल्या गाडीचा मुलाला स्पर्शही झाला नसता, तिथे दुसरी त्याला जबर धडक देते. मात्र हा हिशेब चांगले टायर आणि सावध चालक गृहीत धरून केलेला आहे. रस्ता ओला असेल किंवा चालकाची नजर मोबाइलवर असेल, तर पहिली गाडीही वेळेत थांबत नाही.