वाट मोकळी ठेव

चि. भाचीस अनेक आशीर्वाद.

काल रात्री पाठवलेला तुझा तक्ता बघितला. एका बाजूला एअरलाइनचं क्रेडिट कार्ड, दुसऱ्या बाजूला बँकेचं ते कुठंही चालणारं ट्रॅव्हल कार्ड, मध्ये रकानेच रकाने, आणि खाली “मामा, डोकं चालेना झालंय, तूच सांग की.” नोकरी लागून वर्ष व्हायच्या आत एवढा हिशेब मांडतेस, त्याचं कौतुक तुझी आई करेल. मला राग आला. वेलकम बोनस आहे, लाउंज आहे, एका मैलाची, म्हणजे एअरलाइनच्या एका पॉइंटाची, किंमत दोन दशांशांपर्यंत आहे, आणि एवढ्या सगळ्यात ‘बेळगाव’ कुठंच नाही! तू उडणार कुठून, उतरणार कुठं, हे न लिहिता कार्ड निवडायला बसलीस?

आपण सांबऱ्याची, म्हणजे बेळगावच्या विमानतळाची माणसं आहोत, पण फक्त सांबऱ्याची नाही. हुबळी शंभर किलोमीटरच्या आसपास, कोल्हापूर त्याच्यापेक्षा थोडं लांब, आणि चोर्ला घाट उतरला की गोवा. तिथं दाबोळीचा विमानतळ होताच, २०२३ पासून मोपाचाही आला. आपल्या टिळकवाडीत कुणी दिल्लीचं तिकीट काढायला बसला की आधी सांबऱ्याचा दर बघतो, मग हुबळीचा, मग गोव्याचा, त्यात टॅक्सीचं भाडं मिळवतो आणि मग बायकोला विचारतो. पावसाळ्यात घाटाचा भरवसा नाही म्हणून तोच हिशेब परत मांडतो. दर खेपेला विमानतळ वेगळा, म्हणून कंपनीही वेगळी. कुठल्या कंपनीनं जायचं हे आपल्या गावात आपण ठरवत नाही, दर आणि वेळ ठरवतात. म्हणून सांगतो, वाट मोकळी ठेव. खर्चावर मिळणारे, तिकिटाला चालणारे पॉइंट बँकेच्या कार्डावर साठव, एका एअरलाइनच्या नावावर नको.

तू म्हणशील, बेंगळूर ते सांबरा मला इंडिगोच सोयीचं. असेल की. देशातले दहातले सहाहून जास्त प्रवासी आज त्यांच्याच विमानात बसतात. पण ‘आज’ म्हणतोय मी. २०१७ च्या सप्टेंबरात सांबऱ्याला नवी टर्मिनल इमारत झाली, आपण सगळे ती बघायला गेलो होतो, तू शाळेत होतीस. वर्ष व्हायच्या आत हुबळीला उडान, म्हणजे छोट्या गावांना विमानानं जोडायच्या सरकारी योजनेतले मार्ग मिळाले, इथली विमानं तिकडं वळली, आणि चकचकीत इमारत ओस पडली. २०१९ मध्ये उडानच्या तिसऱ्या फेरीत बेळगावचं नाव आलं तेव्हा परत जीव आला. त्या योजनेत मार्गाला सरकारी मदत मिळते ती तीन वर्षं. पुढं परवडलं तर विमान राहतं, नाही तर जातं. ज्या गावाची विमानं अशी येतात-जातात, तिथल्या पोरीनं वार्षिक फी भरून एका कंपनीला बांधून घ्यायचं?

माझं विमान तिकिटांचं दुकान तुला आठवत असेल. काउंटरच्या काचेखाली सगळ्या कंपन्यांची वेळापत्रकं सरकवलेली असायची. शहापूरचा एक साड्यांचा व्यापारी दर महिन्याला कामाला जायचा, कायम एकाच कंपनीनं. ती कंपनी बसली त्या आठवड्यात तो आला आणि त्यानं आपलं मेंबरशिपचं कार्ड काचेवर ठेवलं. चांदीच्या रंगाचं, कोपरे झिजलेले, नाव उठावदार अक्षरांत. “ह्यातलं काय मिळेल?” मी काही बोललो नाही. त्यानंच ते उचलून परत पाकिटात ठेवलं. फेकलं नाही, बघ.

किंगफिशरची विमानं २०१२ मध्ये थांबली. जेटचं शेवटचं विमान १७ एप्रिल २०१९ ला उडालं. गो फर्स्ट मे २०२३ मध्ये बंद पडली. विस्तारा १२ नोव्हेंबर २०२४ ला एअर इंडियात गेली. सगळ्यांचे पॉइंट बुडाले असं नाही म्हणत मी. जेटचा पॉइंटांचा धंदा वेगळ्या कंपनीत होता म्हणून तो नाव बदलून टिकला, विस्ताराचे पॉइंट एअर इंडियाच्या महाराजा क्लबात गेले. पण माणसानं ज्या विमानासाठी साठवले होते ते विमानच राहिलं नाही.

मलाही एका कंपनीनं विचारलं होतं, फक्त आमची तिकिटं विका, पाटी लावून देतो, वर जादा पैसे. मी नको म्हटलं. पलीकडच्या गल्लीतल्यानं होय म्हटलं आणि काही वर्षं त्याचं बरं चाललं, हे कबूल. तुझी मामी अजून ते काढते. पण २००८ च्या सुमाराला कंपन्यांनी एजंटांचं कमिशनच शून्यावर आणलं तेव्हा त्याच्या पाटीला कुणी विचारलं नाही. माझ्याकडं निदान सगळीकडची गिऱ्हाइकं होती, त्यांच्याकडून सर्व्हिस चार्ज घेऊन मी तगलो. माझं दुकान पुढं मोबाइलवरच्या अ‍ॅपांनी बंद केलं, माझ्या हट्टानं नाही. हे लिहायची गरज नव्हती, पण लिहिलं.

आता बँकेचं कार्ड म्हणजे देवमाणूस असं समजू नको. पॉइंटची किंमत बँक ठरवते आणि बँकच बदलते. अ‍ॅक्सिसच्या साध्या मॅग्नस कार्डावर विमान कंपन्यांकडं पॉइंट वळवायचा दर पाच पॉइंटांना चार मैल होता, सप्टेंबर २०२३ पासून तो पाचाला दोन झाला. साठवून म्हातारं व्हायची ही वस्तूच नाही. वर्षा-दीड वर्षात वापरून टाक. आणि एक पक्कं ध्यानात धर: बँकेतून एअरलाइनकडं वळवलेले पॉइंट परत येत नाहीत. म्हणजे ज्या दिवशी वळवलेस त्या दिवशी तुझं मोकळं कार्डसुद्धा एअरलाइनचं कार्ड झालं. आधी जागा शोध, तारीख बघ, टॅक्सचे पैसे रोख किती भरायचे ते बघ (फुकट तिकीट फुकट नसतं), आणि मगच वळव. जागा दिसायच्या आधी नाही. परत लिहू का? जागा दिसायच्या आधी नाही.

मोकळ्या वाटेचा खरा उपयोग तुझ्या तक्त्यात नव्हता, म्हणून सांगतो. एअर इंडिया स्टार अलायन्स ह्या विमान कंपन्यांच्या गटात आहे, सिंगापूर एअरलाइन्सही. सिंगापूरच्या खात्यातले मैल देऊन एअर इंडियाची जागा मिळते. दोन्हीकडं दर वेगळे, जिकडं स्वस्त तिकडून घ्यायचं. एकाच कंपनीचं कार्ड असलं तर ही तुलनाच करता येत नाही. आणि एअरलाइनचं सभासदत्व फुकट असतं ग! ते सगळ्यांचं घेऊन ठेव. त्यांच्या विमानात बसलीस की त्यांचे पॉइंट तसेही मिळतात, त्याला त्यांचं कार्ड लागत नाही.

तुझी ती मैत्रीण, कंपनीच्या पैशानं दर आठवड्याला एकाच मार्गावर उडणारी, तिनं एअरलाइनचं कार्ड घेतलं तर मी अडवणार नाही. तिचं बरोबर आहे. तू ती नाहीस. तू वर्षातून गणपतीला, दिवाळीला आणि कुणाच्या तरी लग्नाला येणार, त्यातही निम्म्या वेळा राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं, रेल्वेनं.

व्याजाचं तुला सांगायला नको, पण तक्त्यात ‘मिनिमम ड्यू’चा, म्हणजे बिलातली कमीत कमी भरायची रक्कम, असा रकाना दिसला म्हणून लिहितो. तो रकाना काढ. थोडी जरी बाकी ठेवलीस तरी खरेदीच्या तारखेपासून व्याज लागतं, महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास, वर जीएसटी, आणि नव्या खरेदीचीही बिनव्याजी मुदत जाते. पॉइंट देणार शेकड्याला दोन-तीन रुपयांचे. हे ज्याला जमत नाही त्यानं कुठलंच कार्ड घेऊ नये, मोकळंही नको आणि बांधलेलंही नको.

तेव्हा अर्ज बँकेच्या कार्डाचा कर. त्याआधी भाडं, विमा, पेट्रोल यांवर पॉइंट मिळतात का ते नियमांत वाच, बहुतेक ठिकाणी नसतात किंवा कमी असतात, आणि तुझा मोठा खर्च भाड्याचाच आहे. ते वगळून वार्षिक फी वसूल होते का बघ. होत नसेल तर बिनफीचं घे. कार्ड आलं की पूर्ण रकमेचं ऑटो-डेबिट लाव आणि त्याचा स्क्रीनशॉट मला पाठव. गणपतीचं तिकीट काढताना गोव्याचाही दर बघ. घाट बंद असेल तर मी हुबळीला गाडी घेऊन येतो.

तुझा,
मामा