सेन्सरशी आयटूसीवरून (चिप जोडणाऱ्या दोन तारांच्या बसवरून) बोलायला कर्नल ड्रायव्हर लिहायलाच हवा का? यूजरस्पेसमधून, म्हणजे कर्नलबाहेरच्या साध्या प्रोग्राममधून, थेट वाचलं तर काय बिघडतं?

फोनसाठी असेल तर हवाच. "थेट वाचलं तर काय बिघडतं" हे मी आधीही ऐकलंय, तेही प्रश्न म्हणून नाही, निर्णय म्हणून. त्यामुळे उत्तर जरा लांबणार.

आमच्या एका डिव्हाइसमध्ये बॅटरीचा चार्ज मोजणारी चिप, म्हणजे फ्यूएल गेज, आयटूसीवर होती. तिचा ड्रायव्हर माझ्याकडे. एका सीनियरांना त्याच चिपमधलं तापमान हवं होतं. ड्रायव्हरमध्येच वाढवून देतो म्हटलं, तर "एवढ्यासाठी कर्नल बिल्ड कशाला?" म्हणत त्यांनी यूजरस्पेसमध्ये छोटा डीमन, म्हणजे मागे चालत राहणारा प्रोग्राम, लिहिला. ज्या पत्त्यावर ड्रायव्हर आधीच बसलाय तो आयटूसी-डेव्ह (यूजरस्पेसला बस वापरू देणारी कर्नलची सोय) सहजासहजी देत नाही, 'बिझी' सांगून परत पाठवतो. साहेबांनी 'फोर्स'वाला आयओक्टल (कर्नलला सूचना देणारा कॉल) मारला आणि काम झालं.

मग टेस्टिंगवाल्यांच्या तक्रारी सुरू: स्लीपमधून उठल्यावर कधीतरी बॅटरी एकदम शून्य दिसते आणि चार्ज भरपूर असतानाही फोन बंद पडतो. बोट अर्थातच माझ्याकडे. "आयटूसी बसवर कर्नलचं लॉक आहे, आमचा डीमन मध्ये येईलच कसा?"

लॉक आहे, पण एका ट्रान्सफरपुरतं. त्या चिपची रजिस्टरं, म्हणजे आकडे ठेवायचे आतले कप्पे, पेजमध्ये विभागलेली होती. आधी पेज निवडायचं, मग वाचायचं, म्हणजे दोन वेगळ्या ट्रान्सफर. सस्पेंड होताना लिनक्स आधी यूजरस्पेसच्या प्रोसेस गोठवतं आणि मग ड्रायव्हर झोपवतं. डीमन पेज 1 निवडून नेमका तिथेच गोठायचा. उठताना क्रम उलटा, ड्रायव्हर आधी जागा. त्याच्या लेखी चिप पेज 0 वरच, कारण तिला दुसरं कोणी हात लावत नाही हे गृहीत. चार्ज समजून तो भलतंच रजिस्टर वाचायचा.

कर्नलमध्ये काय घडतंय त्याची नोंद ठेवणाऱ्या एफट्रेसमध्ये आयटूसीचे इव्हेंट चालू केले. तिथे प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला प्रोसेसचं नाव येतं. पेज बदलणाऱ्या शेवटच्या ओळीवर डीमनचं नाव, मग सस्पेंड, मग माझ्या ड्रायव्हरचं वाचन. हे दाखवल्यावर साहेब काय म्हणाले असतील? "मग ड्रायव्हरने दर वेळी पेज लिहावं की!" लिहिलं तरी लिहिणं आणि वाचणं यांच्यामध्ये डीमन घुसणारच. ड्रायव्हरचं आतलं लॉक यूजरस्पेसला घेता येत नाही. हे त्यांना तेव्हा पटलं नाही, अजूनही पटलं असेल असं वाटत नाही.

तुमच्या सेन्सरचं म्हणाल तर आधी कर्नलच्या आयआयओमध्ये, म्हणजे सेन्सरच्या ड्रायव्हरांच्या विभागात, शोधा, बहुतेक ड्रायव्हर तयार मिळेल. नसेल तर रेगमॅप (रजिस्टरं वाचण्या-लिहिण्याची कर्नलमधली तयार सोय) वापरून लिहा. 2011 पासून, म्हणजे 3.1 आवृत्तीपासून ते कर्नलमध्ये आहे, पेजची भानगड आणि तिचं लॉक दोन्ही तेच सांभाळतं. इंटरप्ट (चिपने स्वतःहून दिलेला इशारा) असेल तर थ्रेडेड, म्हणजे वेगळ्या थ्रेडमध्ये चालणारा, हँडलर घ्या. आयटूसी ट्रान्सफर झोपू शकते, हार्ड आयआरक्यूमध्ये, म्हणजे इशारा येताक्षणी चालणाऱ्या कोडमध्ये, झोपायला मुभा नाही, म्हणून ती तिथे चालत नाही. यूजरस्पेसमधून सतत पोलिंग केलंत, म्हणजे पुन्हा पुन्हा विचारत राहिलात, तर प्रोसेसरला धड विश्रांतीही मिळणार नाही. यूआर्टवरच्या (सीरियल पोर्टवरच्या) ब्लूटूथ चिपचंही हेच. तिथे पूर्वी यूजरस्पेसमधून पोर्ट उघडून लाइन डिसिप्लिन (पोर्टवरचा डेटा हाताळणारा कर्नलचा थर) जोडावी लागायची, 2017 मध्ये 4.11 ला सर्डेव्ह (सीरियलवरच्या चिपसाठी कर्नलमध्येच ड्रायव्हर लिहायची सोय) आलं आणि ते कामही कर्नलमधून होऊ लागलं.

आता हेही सांगतो, बोर्ड पहिल्यांदा चालू करताना मी स्वतः आयटूसी-डेव्हच वापरतो. चिप उत्तर देते का, आयडी बरोबर येतो का, एवढं बघायला ते उत्तम. बसवर चिप एकटी असेल, तिच्यावर ड्रायव्हर बसलेला नसेल आणि डिव्हाइस कधी झोपतच नसेल, तर डीमनवरही भागेल. फक्त आयटूसी-डिटेक्ट (बसवर कोणकोणत्या चिप आहेत ते चाचपणारा प्रोग्राम) पॉवरच्या चिपवाल्या बसवर चालवू नका. नुसत्या चाचपणीनेही काही चिप बिथरतात.